टर्बो गाडीसाठी मफलर निवडताना: आधी दाब मोजा, मग डबा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस, इंजिन 1.5 लिटर टीएसआय, गिअरबॉक्स स्वयंचलित डीएसजी, इसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग कंपनीचेच. रोजचा वापर पुणे शहरात आणि अधूनमधून मुंबईपर्यंत द्रुतगती मार्गाने. मालकांना मूळ सायलेन्सरचा आवाज फारच दबका वाटतो. शिवाय ‘टर्बोला बॅक प्रेशर अजिबात नको’, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला मागून अडवणारा दाब नको, असे त्यांनी ऐकले आहे आणि मागचा डबा, म्हणजे मूळ मफलर, काढून तीन इंची सरळ पाइप, त्याच्या टोकाला एखादा नामांकित मफलर, असा सल्ला मित्रमंडळींनी दिला आहे. कोणता मफलर घ्यावा, पाइप किती इंची असावा आणि ताकद किती वाढेल, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. कंपनीच्याच ट्यूनिंगवर केवळ मागचा डबा बदलून या गाडीची ताकद जाणवण्याइतकी वाढणार नाही. तेव्हा हा खर्च आवाजासाठी आहे हे मनाशी स्पष्ट ठेवावे, आणि मग मफलरची निवडही आवाजाच्याच निकषांवर, म्हणजे तो कोणत्या आरपीएमला किती येतो, केबिनमध्ये घुमतो का आणि वर्षभरानंतर कसा राहतो यावर करावी.

‘टर्बोला बॅक प्रेशर नको’ हे विधान मुळात बरोबर आहे. बिनटर्बोच्या इंजिनात पाइपांची लांबी आणि व्यास यांच्यावर दाबलहरींचा खेळ अवलंबून असतो, म्हणून तिथे फार मोठा पाइप घातला की खालच्या आरपीएमची ओढ कमी होऊ शकते. टर्बोच्या गाडीत त्या लहरी टर्बाइनमध्येच, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकातच, बऱ्याच अंशी मोडतात, त्यामुळे टर्बाइननंतरचा मार्ग जितका मोकळा तितके चांगले. यामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. टर्बाइन चालते ते तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांच्या गुणोत्तरावर. समजा, हवे तितके बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब, मिळवण्यासाठी हे गुणोत्तर दोन असावे लागते. टर्बाइननंतरचा निरपेक्ष दाब 1.3 बार असेल, तर टर्बाइनआधी, म्हणजे थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाशी, 2.6 बार दाब साठतो. तोच नंतरचा दाब 1.1 बारवर आणला, तर आधीचा दाब 2.2 बारवर येतो. मागे 0.2 बार वाचवले की इंजिनापाशी 0.4 बार वाचतात. पिस्टनला जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे कष्ट कमी होतात, सिलिंडरमध्ये जुना गरम वायू कमी उरतो, नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याची, शक्यता घटते आणि टर्बो थोडा लवकर फिरू लागतो.

मग ताकद का वाढत नाही? कारण आजचा इसीयू बूस्टच्या आकड्याइतकाच टॉर्कच्या लक्ष्याचाही पाठलाग करतो. या इंजिनाला कंपनीने 150 पीएस आणि 250 न्यूटन मीटर ठरवून दिले आहेत. मार्ग मोकळा झाला आणि टर्बो सहज फिरू लागला की इसीयू वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा वायू टर्बाइनच्या बाजूने वळवणारी झडप, जरा जास्त उघडतो आणि त्याच 250 न्यूटन मीटरवर येऊन थांबतो. फायदा होतो तो बूस्ट किंचित लवकर येण्यात आणि वरच्या टोकाला इंजिन किंचित मोकळे वाटण्यात. पुढे जाऊन रीमॅप करून, म्हणजे इसीयूचे ट्यूनिंग बदलून, टॉर्क वाढवण्याचा विचार असेल, तर या गाडीतल्या ड्राय क्लचच्या सात गिअरी डीएसजीची नेमून दिलेली मर्यादाही 250 न्यूटन मीटरच आहे, हे लक्षात असू द्यावे. गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च मफलरच्या खर्चासमोर कितीतरी मोठा असतो.

एका धोक्याचा उल्लेख इथेच करतो. वेस्टगेट लहान असलेल्या काही जुन्या टर्बो गाड्यांत मागचा मार्ग एकदम मोकळा केला, की वेस्टगेट पूर्ण उघडूनही जास्तीचा वायू बाजूने वळवता येत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट लक्ष्याच्या पुढे सरकत जाते. नुसता मागचा डबा बदलून असे सहसा होत नाही, पण डाउनपाइपपासून, म्हणजे टर्बोला लागून असलेल्या पाइपपासून, सगळे बदलले असेल, तर पहिल्या चाचणीत बूस्टचा लॉग घेतल्याशिवाय गाडी मालकाच्या हाती देऊ नये.

आता मोजमापाकडे वळतो, कारण बाजारात या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि मोजणारे फार थोडे. मूळ यंत्रणा खरोखर किती अडवते हे कळण्यासाठी फार साधने लागत नाहीत. कॅटकॉननंतरचा (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा) ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी 18 मिमी व्यासाच्या, 1.5 पिचच्या आट्यांचा अ‍ॅडॉप्टर बसवावा. त्यातून निदान अर्धा मीटर तांब्याची बारीक नळी गुंडाळी करून बाहेर काढावी, म्हणजे वायू थंड होतो, आणि तिच्या टोकाला सिलिकॉनची नळी जोडून ती शून्य ते 15 पीएसआयच्या गेजला लावावी. रबरी नळी थेट अ‍ॅडॉप्टरला जोडली तर पहिल्याच धावेत वितळते. सेन्सर जागेवर नसल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागेल. तो कोड नंतर पुसता येतो. गाडी डायनोवर, म्हणजे चाके जागेवरच फिरवून ताकद मोजणाऱ्या रोलरवर, चढवून तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर रेडलाइनपर्यंत न्यावी आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. हे काम रस्त्यावर करू नये, कारण एकाच माणसाला गेज आणि रस्ता दोन्ही पाहता येत नाहीत.

पुढची पायरी महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच सगळे गाळतात. मागचा डबा सोडवून, म्हणजे मधल्या पाइपचे तोंड उघडे ठेवून, तीच धाव पुन्हा घ्यावी. अनेक युरोपीय गाड्यांत मूळ यंत्रणा एकसंध असते आणि दुरुस्तीसाठी कुठे कापायचे याची खूण पाइपवरच केलेली असते. तिथे सरळ कापून स्लीव्ह क्लॅम्पने पुन्हा जोडता येते. दोन्ही आकड्यांतला फरक हा मागच्या डब्याचा वाटा. कोणत्याही कंपनीचा, कितीही किमतीचा मफलर हा ‘मफलरच नाही’ यापेक्षा जास्त मोकळा असू शकत नाही, म्हणून तो फरक हीच आपल्या फायद्याची कमाल मर्यादा. डबा असताना 20 किलोपास्कल, म्हणजे जवळजवळ तीन पीएसआय, आणि डबा नसताना 15 आले, तर उरलेले 15 किलोपास्कल कॅटकॉननंतरच्या मधल्या पाइपचे आहेत. नवा डबा कितीही महाग घेतला तरी ते कमी होणार नाहीत. माझा व्यवहारातला नियम असा आहे की एकूण आकडा दहा किलोपास्कलच्या आत असेल, तर प्रवाहासाठी म्हणून एक रुपयाही खर्च करू नये. तो तीसच्या पुढे असेल आणि त्यातला बराचसा डब्याचा असेल, तरच डबा बदलण्याला यांत्रिक कारण आहे असे म्हणता येईल.

पाइप किती इंची, याचेही उत्तर हिशोबाने देता येते. 150 पीएसचे टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर सेकंदाला साधारण 130 ग्रॅम वायू बाहेर टाकते. तो 600 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे असे धरले, तर सव्वादोन इंची पाइपमधून त्याचा वेग सेकंदाला सुमारे 130 मीटर होतो, अडीच इंचीमधून 100 आणि तीन इंचीमधून 70. प्रत्येक वळणावर आणि सांध्यावर दाबाचे नुकसान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात होते. नुकसान मोजण्याचे जे एकक आहे, म्हणजे वायूचा गतिज दाब, ते या तिन्हींत अनुक्रमे 3.6, 2.3 आणि 1.1 किलोपास्कल येते. नीट बनवलेल्या कॅट-बॅक, म्हणजे कॅटकॉनपासून मागच्या, यंत्रणेत अशी तीन-चार एकके खर्ची पडतात असे मानले, तर अडीच आणि तीन इंचीमधला फरक चार किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे अर्ध्या पीएसआयहून थोडा जास्त. त्याच्या मोबदल्यात गाडीखाली अर्धा इंच जाड नळी जाते. आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरना हा अर्धा इंच फार आवडतो. शिवाय तीन इंची पाइपमधला आवाज शांत करायला मोठा डबा लागतो आणि त्याला मागच्या बंपरखाली जागा नसते.

म्हणून या गाडीला सव्वादोन इंच पुरेसा आहे. पुढे माफक रीमॅप होणार असेल तर अडीच इंच घ्यावा, त्यापुढे जाऊ नये. तीन इंच मी तीनशे अश्वशक्तीच्या आसपास पोहोचलेल्या दोन लिटर गाड्यांसाठी राखून ठेवतो. एक सूचना त्यातच: दुकानदार ‘अडीच इंची’ म्हणतो तेव्हा तो बाहेरचा व्यास सांगत असतो. त्यात पाइप मॅन्ड्रेलवर (आतून आधार देऊन) न वाकवता साध्या बेंडरवर दाबून वाकवला असेल, तर वळणाच्या जागी तो चपटा होतो आणि अडीच इंची पाइप तिथे दोन इंची होऊन बसतो. बोटांनी वळण चाचपून पाहिले तरी हे कळते.

मफलरचे मुख्य प्रकार दोन. पहिला कप्प्यांचा. त्यात वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जातो आणि आवाजाच्या लहरी परतून एकमेकींना मारतात. कंपन्या बहुधा हाच प्रकार वापरतात, कारण खालच्या पट्टीचा आवाज तो चांगला दाबतो. किंमत म्हणून तो प्रवाह अडवतो. दुसरा सरळ नळीचा. मधून आरपार छिद्रांची नळी जाते आणि तिच्याभोवती काचेच्या किंवा बेसॉल्टच्या तंतूंचे पॅकिंग असते. वायू सरळ निघून जातो, आवाज मात्र छिद्रांतून पॅकिंगमध्ये शिरून विरतो. प्रवाहाच्या दृष्टीने हा जवळजवळ मोकळ्या पाइपसारखाच असतो, म्हणून टर्बोसाठी सगळे त्याचीच शिफारस करतात. त्याची मर्यादा मात्र कोणी सांगत नाही. पॅकिंग वरच्या पट्टीचा, कर्कश आवाज उत्तम खाते, पण शंभर हर्ट्झच्या खालच्या घुमाऱ्याला ते जवळजवळ काहीच करत नाही. त्यातून टर्बाइनने वरच्या पट्टीतला बराच कडकपणा आधीच काढून घेतलेला असतो. म्हणजे टर्बो गाडीत जो आवाज उरतो तो मुख्यतः खालच्या पट्टीचा, आणि सरळ नळीचा मफलर नेमका तिथेच कमजोर.

सरळ नळीचाच घ्यायचा झाला तर चार गोष्टी हातात घेऊन पाहाव्यात. नळीला गोल छिद्रे पाडलेली असावीत. पत्रा चिरून आत वाकवलेल्या झापा असतील, तर त्या प्रवाहात अडथळा करतात आणि डबा उलटा बसला तर शिट्टीही मारतात. टॉर्च लावून आरपार पाहिले की पाच सेकंदांत हे दिसते. पॅकिंग आणि नळी यांच्यामध्ये स्टेनलेसच्या लोकरीचा थर आहे का, हे विचारावे. तो नसेल तर काचेचे तंतू हळूहळू छिद्रांतून उडून जातात आणि आज गोड वाटणारा आवाज वर्ष-दीड वर्षात फाटका होतो. डब्याचे आकारमान पाहावे. पाच इंच व्यासाचा, 14 इंच लांबीचा गोल डबा आत जेमतेम साडेचार लिटरचा असतो, आणि कंपनीने मागे बसवलेला डबा त्याच्या काही पटींनी मोठा असतो. चौथी गोष्ट वजन. फार हलका लागला, तर पत्रा पातळ आहे किंवा पॅकिंग कमी आहे, आणि दोन्ही अवगुण आवाजातच बाहेर पडतात.

आता या उत्तराचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे केबिनमधला घुमारा, ज्याला सगळे ड्रोन म्हणतात. मफलर बदललेल्या गाड्या परत येतात त्या बहुतेक यासाठीच. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणून 2,100 आरपीएमला आवाजाची मूळ वारंवारता 70 हर्ट्झ येते. दुसरीकडे गाडीची केबिन ही एक बंद पेटीच. तिची आतली लांबी 2.4 मीटर धरली, तर तिच्यात घुमणारी पहिली लहर सुमारे 71 हर्ट्झची असते. डीएसजीच्या वरच्या गिअरमध्ये ताशी शंभरच्या आसपास इंजिन दोन हजारांच्या अलीकडे-पलीकडेच फिरत असते. म्हणजे द्रुतगती मार्गावर तासन्‌तास ज्या वेगाने जायचे, नेमक्या त्याच वेगाला एक्झॉस्ट आणि केबिन एका सुरात येतात. शोरूमबाहेर उभ्या गाडीचा आवाज ऐकून किंवा मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून मफलर निवडणारे इथे फसतात. मोबाइलच्या स्पीकरमध्ये 70 हर्ट्झ ऐकूच येत नाही.

या विशिष्ट इंजिनात आणखी एक गुंता आहे. हलक्या भारावर मधले दोन सिलिंडर बंद करण्याची सोय त्यात आहे. तशा अवस्थेत स्फोटांची संख्या निम्मी होते आणि दोन हजार आरपीएमला मूळ वारंवारता 33 हर्ट्झवर येते, तिच्या दुपटीची लहर 67 हर्ट्झवर. कंपनीने मूळ यंत्रणा या दोन्ही अवस्था डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. तिथे छोटा गोल डबा बसवला, की सिलिंडर बंद-चालू होताना आवाजाचा पोत एकदम बदलतो. बसलेल्या माणसाला इंजिनात काहीतरी बिघडले आहे असे वाटते. त्यामुळे या इंजिनाच्या मालकांनी मधला डबा, म्हणजे रेझोनेटर, अजिबात काढू नये असे मी आग्रहाने सांगतो. मित्रांच्या सल्ल्यातला ‘सरळ पाइप’ हा भाग मी इथेच रद्द करतो.

घुमारा आधीच लागला असेल तर त्यावर उपाय आहे, पण तो मोजून करावा लागतो. एका दोन लिटर टर्बो सेडानचे काम असेच आले होते. अडीच इंची यंत्रणा दुसरीकडे बसवलेली, काम देखणे, पण द्रुतगती मार्गावर मागे बसलेल्यांची डोकी दुखत. मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये 76 हर्ट्झला उभा सुळका दिसत होता आणि टॅकोमीटर 2,280 च्या जवळ होता. म्हणजे हा स्फोटांचाच आवाज. अशा वेळी मुख्य पाइपला एक आंधळी फांदी जोडतात, जिचे दुसरे टोक बंद असते. तिच्यात शिरलेली लहर बंद टोकावरून परतते आणि मुख्य लहरीच्या बरोबर उलटी पडून तिला मारते. फांदीची लांबी त्या लहरीच्या एक चतुर्थांश असावी लागते. 300 अंशाच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला 480 मीटरच्या आसपास धरला, तर 76 हर्ट्झसाठी ती 1.58 मीटर येते. मात्र आंधळ्या फांदीत प्रवाह नसल्यामुळे तिथला वायू मुख्य पाइपपेक्षा थंड असतो, ध्वनी सावकाश जातो आणि प्रत्यक्षात लागणारी लांबी हिशोबापेक्षा कमी भरते. म्हणून टोक थेट वेल्ड न करता आत सरकणारा बूच ठेवला, गाडी रस्त्यावर नेली, बूच थोडा थोडा पुढे सरकवत सुळका कुठे सर्वांत खाली बसतो ते पाहिले आणि मग आर्गन वेल्डिंगने टोक बंद केले. प्रवाहाला यात काहीच अडथळा होत नाही, कारण वायू फांदीतून जातच नाही. अडचण असते ती फक्त जागेची. दीड मीटरची नळी वाकवून स्पेअर व्हीलच्या खोबणीशेजारून नेणे प्रत्येक गाडीत जमत नाही. तिथे हेल्महोल्ट्झ पद्धतीचा छोटा बंद कप्पा आखूड मानेने जोडतात. जागा कमी लागते, पण त्याचे गणित चुकले की काहीच हाती लागत नाही.

व्हॉल्व्ह असलेली यंत्रणा हा तिसरा मार्ग. व्हॉल्व्ह बंद असताना वायू कप्प्यांतून जातो, उघडला की सरळ. हे मला तत्त्वतः पटते, कारण क्रूझच्या वेगाला कप्प्यांचा फायदा मिळतो. पण स्वस्त व्हॉल्व्हची दांडी पावसाळ्यात गंजून अडकते आणि ती अर्धवट उघडी अडकली की खडखडाट सुरू होतो. व्हॉल्व्ह घ्यायचा तर चांगल्या कंपनीचा घ्यावा, नाहीतर घेऊच नये.

धातूंबद्दल थोडक्यात. 409 जातीचे स्टेनलेस लोहचुंबकाला चिकटते, स्वस्त असते आणि वरून तांबूस होते, पण लवकर सडत नाही. 304 सहसा चुंबकाला चिकटत नाही आणि गंजाला जास्त टिकते. रत्नागिरी, मालवण, पणजी अशा खाऱ्या हवेतल्या गाडीला, किंवा रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या आणि म्हणून आत पाणी साठणाऱ्या गाडीला, 304 घ्यावे. मात्र 304 तापल्यावर जास्त फुगते: तीन मीटरची नळी 300 अंशांनी तापली तर सुमारे 15 मिमीने लांबते, 409 ची दहाच्या आसपास. फ्लेक्स पाइप आणि हँगरच्या रबरांना ही हालचाल सोसता आली पाहिजे. गाडी थंड असताना टिप बंपरच्या कापाशी चिकटवून बसवली, की घाटात ती प्लास्टिक वितळवणार हे ठरलेले. 304 वेल्ड करताना नळीच्या आतही आर्गन सोडावा लागतो. तसे केले नाही तर आतल्या बाजूला काळा, खडबडीत थर जमतो आणि सांधा पुढे तिथूनच तडकतो. कारागिराला ‘आतून गॅस देणार का?’ एवढे विचारले, तरी त्याच्या चेहऱ्यावरून बरेच कळते.

कायद्याचा भाग टाळून चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 120 नुसार प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच. प्रवासी कारसाठी नवी गाडी मंजूर होतानाची ध्वनिमर्यादा 74 डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली ध्वनी आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरते. 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182-अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपयांचा वेगळा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. आयात मफलरवर कोरलेले ‘ई’ चिन्ह म्हणजे तो संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार एका विशिष्ट मॉडेलसाठी मंजूर झालेला आहे. गुणवत्तेची खूण म्हणून ते मला आवडते, पण त्यामुळे आपल्या आरटीओसमोर आपोआप परवानगी मिळत नाही, आणि दुसऱ्या मॉडेलसाठीचा डबा आपल्या गाडीला बसवला तर तिकडेही ते चिन्ह निरर्थक ठरते.

कॅटकॉनला हात लावू नये. बीएस-6 गाडीत तो टर्बोला जवळजवळ चिकटूनच असतो आणि तो काढला की पीयूसी, चेक इंजिनचा दिवा आणि वॉरंटी, तिन्ही एकदम जातात. याच कारणाने थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजवणाऱ्या रीमॅपलाही माझा विरोध आहे. ते फटाके म्हणजे एक्झॉस्टमध्ये जाळलेले पेट्रोल, आणि ते जळते ते बऱ्याचदा कॅटकॉनच्याच जाळीत.

तेव्हा या व्हर्टससाठी माझे उत्तर असे. मधला डबा आणि त्याच्या आधीचे सगळे मूळचेच ठेवावे. फक्त मागचा डबा बदलावा आणि तोही सव्वादोन इंची तोंडाचा, जागेत मावेल तितका मोठा, अंडाकृती, निदान एक कप्पा असलेला किंवा कप्पा आणि सरळ नळी यांचा मेळ घातलेला. मूळ डबा भंगारात देऊ नये, घरी जपून ठेवावा. वॉरंटीच्या कामाला, गाडी विकताना आणि मन बदलल्यावर तोच उपयोगी पडतो. पैसे देण्याआधी डबा नुसता क्लॅम्पने बसवून द्यायला सांगावे, चार माणसे गाडीत घेऊन द्रुतगती मार्गावर सिलिंडर बंद होण्याच्या अवस्थेत अर्धा तास चालवावी आणि मागच्या सीटवरच्या माणसाचे मत विचारावे. त्याला आवाज आवडला तरच वेल्ड करावे. आणि चाचणीला वेळ न देता आधी वेल्ड मारतो असे म्हणणाऱ्या दुकानात काम देऊ नये.